लेडीज स्की: सात जोड्यांची तुलना, आणि त्याआधी दाराच्या चौकटीवर तीन खुणा

सातारा-सांगलीहून औलीला किंवा गुलमर्गला स्कीइंग शिकायला जाणाऱ्या बायकांची अडचण एकच. इथे स्की हातात घेऊन बघायची सोय नाही, आणि तिथे पोचल्यावर बघायला सवड नाही. भाड्याच्या दुकानात सकाळची झुंबड असते. दुकानदार डोक्यापासून पायापर्यंत एकदा नजर टाकतो, मागच्या फळीवरून एक जोडी ओढतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. तुमची उंची १५५ आणि हातात आलेली स्की १६५. मग चार दिवस बर्फावर आदळत राहायचं आणि दोष स्वतःला द्यायचा.

म्हणून लांबी घरूनच ठरवून जा. अनवाणी, पाठ सरळ, दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहा आणि पेन्सिलीने तीन खुणा करून घ्या: हनुवटी, नाकाचं टोक, भुवया. टेप लावा. १५५ सेंटीमीटर उंचीच्या बाईची हनुवटी साधारण १३५ ला येते, नाक १४२ च्या आसपास, भुवया १४५ ला. नवशिकीला हनुवटी ते नाक, वळणं जुळायला लागली की नाक ते कपाळ, आणि वेगात उतरणारीला डोक्याइतकी किंवा चार बोटं जास्त. हा झाला ढोबळ हिशेब. बहुतेक जणी इथेच थांबतात, आणि चूक तिथेच होते.

कारण स्कीला तुमची उंची कळत नाही. तिला कळतं ते वजन आणि वेग. स्की म्हणजे एक लांब स्प्रिंग. मधे पायाखाली ती किंचित उचललेली असते, तुम्ही उभ्या राहिलात की वजनाने दबते आणि कडेची धार बर्फाला टेकते. वजन कमी पडलं तर ती पुरती दबतच नाही, शेंडा (पुढचं टोक) आणि शेपूट (मागचं टोक) आपल्या मनाने चालतात. वजन जास्त झालं तर मधोमध खचते आणि टोकं काहीच काम करत नाहीत. उंची हा नुसता अंदाज आहे, उंच माणूस वजनदार असेल असा. १५५ उंची आणि ५५ किलो वजन असेल तर शिकताना १३८ ते १४३, पुढे १४५ ते १५०, सराव झाल्यावर १५२ ते १५८ हे आकडे बरोबर बसतात. त्याच उंचीला वजन ७० असेल तर प्रत्येक आकड्यात पाच सेंटीमीटर वाढवा, ४५ असेल तर पाच कमी करा. १६५ उंची आणि ६५ किलोला शिकताना १४८ ते १५३, मग १५५ ते १६०, पुढे १६२ ते १६८.

वेगाचं म्हणाल तर स्पर्धेचे नियमच पुरावा देतात. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या नियमाप्रमाणे बायकांची स्लॅलमची स्की कमीत कमी १५५ सेंटीमीटर हवी आणि जायंट स्लॅलमची कमीत कमी १८८. अमेरिकेच्या मिकाएला शिफ्रिनने २०१४ ला स्लॅलमचं आणि २०१८ ला जायंट स्लॅलमचं ऑलिंपिक सुवर्ण घेतलं. बाई तीच, उंची तीच, पण पायातल्या स्कीमधे हातभर फरक. एकीकडे जवळजवळ रोवलेल्या काठ्यांतून झपझप वळायचं, दुसरीकडे लांब पल्ल्याची वळणं वेगात घ्यायची.

जुने प्रशिक्षक अजून सांगतात, हात वर करा, मनगटापर्यंत येईल ती स्की घ्या. तो हिशेब सरळ पट्टीसारख्या स्कीचा. १९९३ मधे एलान कंपनीची एससीएक्स ही स्की आली आणि कंबरेत बारीक, टोकांना रुंद अशा स्कीचं युग सुरू झालं. तेव्हापासून स्की कुशीवर कलली की आकारामुळेच वळते, लांबीची तेवढी गरज उरली नाही. मनगटाचा सल्ला मिळाला तर मान डोलवा आणि आपल्या आकड्याची जोडी मागा.

जास्त लांब स्की कशी वाटते हे आपल्या भागात समजावून सांगायला सोपं आहे. गळीत हंगामात दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर कारखान्याच्या गेटात वळताना बघा. तोंड वळतं, मागची ट्रॉली मात्र अजून रस्त्यावरच. लांब स्कीची शेपूट तशीच मागे राहते. ती ओढून आणायला गुडघा पिळावा लागतो, दुपारपर्यंत मांड्या भरून येतात, आणि नांगरासारखे पाय फाकवून थांबताना शेंडे एकमेकांवर चढतात. उलट फार आखूड स्की हळू वेगात अगदी लाडिक वागते, पण वेग वाढला की शेंडे थडथडायला लागतात, आणि भुसभुशीत बर्फात शेंडा खाली घुसून बाई पुढे उलटते. शंका असेल तर शिकताना आखूड घ्या, शिकून झाल्यावर लांब.

आकडा सोडून एक गोष्ट बघायची. दोन्ही स्कीचे तळ एकमेकांना चिकटवून बाजूने पाहा. मधे फट दिसते ती पायाखालची कमान. शेंड्याकडे दोन्ही स्की कुठून विलग होतात ते बघा. अगदी टोकाशी विलग होत असतील तर जवळजवळ सगळी धार बर्फावर टेकणार, छापलेली लांबी हीच खरी लांबी. वीतभर आधीच विलग होत असतील तर घट्ट बर्फावर ती तेवढी आखूड वागणार. अशी जोडी पाच सेंटीमीटर लांब घेतली तरी त्रास नाही. ‘मला १५० च लागते’ असं म्हणणाऱ्या बाईला एका कंपनीची १५० अवजड आणि दुसरीची १५४ हलकी वाटते, त्याचं कारण हेच.

रुंदी थोडक्यात. कंबर, म्हणजे पायाखालची सगळ्यांत अरुंद जागा, ७० ते ८२ मिलिमीटर असेल तर दाबून सपाट केलेल्या उतारासाठी, ८५ ते ९५ सगळीकडे थोडं थोडं, १०० च्या पुढे ताज्या खोल बर्फासाठी. औलीचे उतार आणि गुलमर्गचं खालचं शिकाऊ मैदान पहिल्या गटातलं. गुलमर्गचा गोंडोला (केबलकार) पहिल्या टप्प्यात सुमारे ३,०८० मीटरवर कोंगडोरीला आणि दुसऱ्या टप्प्यात साधारण ३,९५० मीटरपर्यंत अफरवटवर नेतो. वरचं बर्फ मोकळं, न दाबलेलं असतं, तिथे रुंद स्की तरंगते. पण म्हणून पहिल्याच खेपेला रुंद स्की मागणं म्हणजे सायकल शिकायला ट्रॅक्टरचे टायर लावणं. रुंद स्की एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर यायला वेळ घेते, नवशिकीला नेमका तोच वेळ नसतो.

आता ‘लेडीज’ या शब्दाबद्दल. चांगल्या कंपन्या बायकांच्या स्कीचा गाभा हलका आणि मऊ करतात, लांबी १४० च्या आसपासपासून देतात, आणि काही कंपन्या बूट बसवायची जागा सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर पुढे घेतात. काही मात्र पुरुषांचीच स्की जांभळी रंगवून देतात. ते वाईटच असतं असं नाही. ७० किलोची, जोरात उतरणारी बाई मऊ लेडीज स्कीपेक्षा तीच जांभळी स्की जास्त आवडीने वापरेल. ४८ किलोच्या नवशिकीला मात्र ती लाकडी फळी वाटेल. रंगावर जाऊ नका. शेपूट जमिनीवर टेकवा, डाव्या हाताने शेंडा धरा, उजव्या तळव्याने मधे दाबा. सहज वाकली तर मऊ. सगळं वजन टाकूनही हलत नसेल तर शिकाऊ हातात ती नको. हेच करताना शेंडा वाकतो की शेपूट, तेही बघा. शेपूट ताठ असेल तर मागे झुकणारीला ती माफ करत नाही.

जोड्यांकडे येऊ. मॉडेलच्या नावातले आकडे दर दोन-तीन वर्षांनी एक-दोन मिलिमीटरने बदलतात, तेव्हा नावापेक्षा स्वभाव लक्षात ठेवा.

हेड कंपनीची जॉय मालिका सगळ्यांत हलक्यांपैकी. कंबर बारीक, दाबलेल्या उतारावर मनात आलं की वळते. औलीत सात किंवा चौदा दिवसांच्या कोर्सला हिच्यासारखी दुसरी नाही. दुपारी ऊन लागून बर्फ पातळ खिचडीसारखं झालं की मात्र हलका शेंडा इकडेतिकडे फेकला जातो. रोसिन्योलची एक्सपीरियन्स डब्ल्यू ८२ तिची थोडी पोक्त बहीण. वळायला अंमळ आळशी, पण चुका पोटात घालते. पहिला आठवडा झाला, पण अजून धीर यायचा आहे, अशा बाईला ही द्या.

ब्लिझार्डची ब्लॅक पर्ल ८८ ही या गटातली सगळ्यांत चर्चेतली, आणि ती चर्चा बऱ्याच अंशी खरी आहे. गाभ्यात हलकं आणि जड लाकूड मिसळून बसवलेलं असतं, पायाखाली जड, टोकांकडे हलकं. परिणाम असा की घट्ट बर्फावर धार पकड घेते, तरी शेंडा सहज वळणात शिरतो. छोटी वळणं, मोठी वळणं, दोन्हीला तयार. शेपूट फार शिक्षा करत नाही. मर्यादा खोल बर्फात दिसते. गुडघाभर ताज्या बर्फात ८८ ची कंबर बुडते आणि मागे झुकायचा मोह होतो. लांबी घेताना आपली खरी लांबी घ्या, ना वर ना खाली. एकच जोडी सुचवायची वेळ आली तर आमचं बोट हिच्याकडेच जाईल.

नॉर्डिकाची सांता आना, ९३ किंवा नंतरची ९२, हिच्याबद्दल वाचून हरखून जाणाऱ्या पुष्कळ. स्की उत्तमच आहे. आत टायटॅनलचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या कणखर मिश्रधातूचा थर असतो, त्यामुळे तुडवलेल्या, ढेकळं झालेल्या बर्फातून ती थरथर न होता जाते. बिघडलेल्या रस्त्यावर जड जीप जशी बसते तशी. पण जीप ढकलायची वेळ आली की कळतं. स्की हातात घेतली की वजन जाणवतंच, आणि ती चालते पुढे रेटून, धारेवर दाबून. पन्नास किलोची बाई तिसऱ्या दिवशी थकते आणि मग मागे बसते, मागे बसली की ही स्की तिचं ऐकत नाही. घ्यायचीच तर आपल्या आकड्याच्या खालची लांबी घ्या. स्थिरता धातूतून मिळतेच आहे, ती परत लांबीतून विकत घ्यायची गरज नाही.

एलानची रिपस्टिक ९४ डब्ल्यू बरोबर उलट. धातूऐवजी लांबीभर कार्बनच्या नळ्या, वजन हलकं, उचलून फिरवायला मजा. शेंड्याजवळ डावी-उजवी अशी खूण असते, ती बघूनच घाला. हिची आतली धार कमानदार आणि बाहेरची धार टोकांना उचललेली असते. वळताना भार आतल्या धारेवर येतो म्हणून ती लांबवर टेकते, बाहेरची उचललेली म्हणून अडखळत नाही. पाय बदलले की सगळं उलटं होतं, पकड जाते, आणि ‘स्की घसरते’ अशी तक्रार घेऊन बाई दुकानात परत येते. सकाळी काचेसारख्या गोठलेल्या उतारावर ही सांता आनाइतकी शांत नाही, थडथडते. लांबी एक पायरी वर घेतली तरी चालते. या मॉडेलमधे पायऱ्या ८-८ सेंटीमीटरच्या आहेत. १५० हवी आणि १४६ व १५४ मधे अडकलात, तर वळणं जुळलेल्या बाईने १५४ घ्यावी.

व्होल्कलची सीक्रेट ही धारेची पक्की. एकाच स्कीमधे तीन वेगवेगळ्या त्रिज्या घडवलेल्या असतात, किती कललात त्यावर वळण लहान-मोठं होतं. शिकणारीने हिच्या वाटेला जाऊ नये. केटूची माइंडबेंडर ८९ टीआय डब्ल्यू तिच्यापेक्षा मवाळ. धातूचा तुकडा इंग्रजी वाय अक्षरासारखा कापलेला, शेंड्याकडे तो कडांना जातो आणि शेपटीकडे मधे राहतो. म्हणजे वळणात शिरताना पकड आणि सुटताना सोडवणूक. ब्लॅक पर्ल बुळबुळीत वाटायला लागली की पुढची पायरी ही.

स्कीवर लांबीच्या आकड्याजवळच वळणाची एक त्रिज्या छापलेली असते, १३ मीटर, १५ मीटर अशी. आकडा लहान तर वळण यवतेश्वर घाटातल्यासारखं आवळून, मोठा तर हायवेसारखं लांब. शिकताना १२ ते १४ पुरे.

भाड्याच्या दुकानात जोडी हाती आली की दोन मिनिटांत चार गोष्टी तपासा. अंगठ्याचं नख धारेवर आडवं, हलकेच घासा. नखाचा भुगा निघाला तर धार आहे, नुसतं घसरलं तर सकाळच्या गोठलेल्या उतारावर तुम्ही घसरणार. हे पायाखालच्या भागात करा, टोकाची धार मुद्दाम बोथट ठेवतात. तळ काळा, तुकतुकीत हवा. पांढुरका, कोरडा दिसला तर मेण लागलेलं नाही, मऊ बर्फात तो चिकटतो आणि मधेच ब्रेक लागल्यासारखं होतं. शेंड्याला आणि कडेला थर सुटलेत का, नखाने चाचपा. शेवटी बाइंडिंगच्या, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीच्या, ब्रेकची टाचेखालची पट्टी दाबून सोडा, ब्रेकचे दोन्ही पाय टणकन परत खाली यायला हवेत. एक जरी लुळा असेल तर पडल्यावर स्की एकटीच दरीत जाईल.

बाइंडिंग किती जोराला सुटावं हे तुमचं वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळाची मिलिमीटरमधली लांबी यांवरून ठरतं. बुटाच्या टाचेजवळ २७५, २८५ असा आकडा असतो तो हाच. इथे वजन खरं सांगा. बायका पाच किलो कमी सांगतात आणि बाइंडिंग चालू वळणात सुटतं. आणि ‘मला येतं’ असं उगाच सांगितलंत तर ते जास्त आवळलं जातं, पडल्यावर सुटत नाही, आणि पिळवटतो तो गुडघा.

स्कीपेक्षा बुटाकडे जास्त लक्ष द्या. लांबी-रुंदीचे सगळे हिशेब बुटात पाय हलला की संपतात, कारण स्कीला तुमचं सांगणं बुटातूनच पोचतं. टाच भिंतीला लावून कागदावर पाय मापा. २३.५ सेंटीमीटर भरला तर बुटाचा नंबरही २३.५. दुकानात आतला मऊ बूट काढून टाका, रिकाम्या कवचात पाय घाला, बोटं पुढे टेकवा आणि टाचेमागे हाताची बोटं सारून बघा. एक बोट नीट जात असेल तर छान, दोन चालतील, तीन गेली तर बूट परत करा. मोजा एकच, पातळ, गुडघ्यापर्यंतचा. थंडी वाजते म्हणून दोन जाड मोजे घातले की रक्त अडतं आणि पाय उलट जास्त गार पडतात. बायकांची पोटरी खालपासून भरलेली असते, म्हणून लेडीज बुटाची वरची कड बुटकी आणि थोडी फाकलेली असते. पुरुषांचा बूट मिळाला तर कड पोटरीत रुतते, मग बकल सैल सोडले जातात आणि पाय आत पोहतो. कडकपणाचा आकडा शिकताना ६० ते ७०, पुढे ८० ते ९५.

स्की बदलून मागण्याआधीही हेच तपासा. शेपूट वळत नाही, वेग आवरत नाही, मांड्या जळतात, या तिन्ही तक्रारी स्की लांब असली की येतात आणि मागे झुकून उभं राहिलं की सुद्धा येतात. नडगी बुटाच्या जिभेला सतत टेकलेली ठेवून तोच उतार दोनदा उतरा. तक्रार गेली तर स्की बरोबर आहे. राहिली तर पाच सेंटीमीटर आखूड जोडी मागा. दोन जोड्यांची तुलना करायची तर बूट तेच, उतार तोच आणि वेळ लागोपाठची ठेवा. सकाळी गोठलेल्या बर्फावर एक आणि दुपारी मऊ बर्फावर दुसरी लावली, तर ती तुलना उन्हाची झाली.

विकत घ्यायची का? परदेशात बाइंडिंगसह नवी जोडी ६०० ते १,००० डॉलरच्या घरात जाते, वर आणायचा खर्च. वर्षाला दोन आठवड्यांपेक्षा कमी वापर असेल तर बूट घ्या, स्की भाड्यानेच. बूट पाठपिशवीत येतात. १५५ ची स्की बॅगेत घातली की पावणेदोन मीटर होते. रेल्वेत सोबत न्यायच्या पेटीची मर्यादा १०० × ६० × २५ सेंटीमीटर आहे, तेव्हा सांगली-साताऱ्याहून गोवा एक्सप्रेसने निजामुद्दीन गाठायचं तर स्की सामानाच्या डब्यात बुक करणं ओघानेच आलं.

तरीही घेतलीत, तर शत्रू आपला पावसाळा. धार पोलादाची, आणि साताऱ्याच्या जुलैत कपाटातली सुई गंजते तिथे धारेचं काय. परत आल्यावर स्की कोरड्या फडक्याने पुसून दोन दिवस सावलीत ठेवा. मग तळावर आणि धारांवर मेणाचा जाड थर द्या, खरवडू नका, पुढच्या हिवाळ्यापर्यंत तसाच राहू द्या. बॅगेची चेन उघडी ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळली की आतल्या आत घाम सुटून गंज चढतो. दोन्ही स्की पट्ट्याने करकचून आवळू नका, कमान बसते. लोफ्टवर पत्र्याखाली नको, पलंगाखाली आडवी ठेवा. एवढं करूनही धारेवर तांबूस पूड दिसली तर गंज काढायच्या खरखरीत रबराने लांबीच्या दिशेने घासा. आडवं घासलंत तर उरलीसुरली धार जाईल.